कौसल्याबाईंचा आकडा

ही घटना खरी आहे. आधीच सांगून टाकते, कारण या पेजवर प्रत्येक जण हेच सांगतो आणि मग पिंपळ, अमावास्या, पांढरी साडी, उलटे पाय सुरू होतात. मला त्या गोष्टी वाचून हसू येतं. भुताला पिंपळाशिवाय दुसरीकडे जागा मिळत नाही का?

माझ्या गोष्टीत पिंपळ नाही. रात्रसुद्धा नाही.

मंगळवार, १६ मे २०२३. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं. नागपूर.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी एका खासगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरमध्ये, डोळे दिपतील एवढ्या उजेडात उभी होते.

दवाखान्याचं नाव सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. माझं नाव दीप्ती. आडनावाचं तुम्हाला काय करायचंय?

भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हाताखाली मी टेक्निशियन आहे. तेव्हा बारा वर्षं झाली होती. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देवही बंद आणि भूतही बंद. लिंबू-मिरची आम्ही आणतो ती भाजीत घालायला. त्यामुळे 'ताईंना भास झाला असेल' असं लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. भासाबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आधी आकडा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

भूल देताना पेशंटच्या कपाळावर एक चिकटपट्टी लावतात. तिची वायर मशीनला जाते. मशीन मेंदूच्या लहरी वाचतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवतं. टक्क जागा माणूस म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. चाळीस ते साठ म्हणजे ऑपरेशनला हवी तशी झोप. त्याच्या खाली गेला तर गरजेपेक्षा जास्त भूल. शून्य म्हणजे मेंदू गप्प. साठच्या वर गेला की अलार्म वाजतो. माणूस वर येतोय, बघा.

बाजूला दोन छोट्या पट्ट्या दिसतात. एक सांगते, सिग्नल किती चांगला आहे. दुसरी सांगते, कपाळाचे स्नायू किती हलताहेत. या दोन्ही बघायच्या आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवायचा. कारण रक्त थांबवायला डॉक्टर विजेची कॉटरी वापरतात, तेव्हा आकडा उगाच उडतो. कपाळ आखडलं तरी उडतो. दिवसातून वीस वेळा हा अलार्म खोटा वाजतो.

मग लोक काय करतात? बटण दाबतात.

दोन मिनिटं शांतता. पुन्हा वाजला, पुन्हा दाबा. अलार्म वाजल्यावर आधी पेशंटकडे आणि मग बटणाकडे बघणारा माणूस मी बारा वर्षांत पाहिला नाही. मी स्वतः धरून.

आणखी एक. ही पट्टी एकदाच वापरायची असते, पाकिटावर तसं छापलेलं असतं. आमच्याकडे एकच पट्टी पाच-सहा कपाळं फिरायची. स्पिरिटने पुसायची, ईसीजीची जेली लावायची, वरून टेप मारायचा. मोठ्या सरांना, म्हणजे दवाखान्याच्या मालकांना, गाडी दर दोन वर्षांनी नवी लागायची. पट्टी मात्र जुनी चालायची. ऑपरेशनही तेच करायचे.

तर कौसल्याबाई मार्चमध्ये आल्या.

रामटेककडच्या एका खेड्यातल्या. बावन्न वर्षांच्या. धानाची शेती. पित्ताशयात खडे. दुर्बिणीचं ऑपरेशन, तासाभराचं काम.

भूल द्यायला डॉ. सोनकुसरे होते. हुशार माणूस, पण एका वेळी दोन थिएटर सांभाळायची खोड. इकडे पेशंट झोपवायचा, मला उभं करायचं आणि तिकडे सिझरला पळायचं. त्या दिवशीही पळाले.

आकडा पंचेचाळीस होता. मग बावन्न. मग एकसष्ट.

मग अठ्ठ्याहत्तर.

अलार्म वाजला. पट्टी सहाव्यांदा वापरलेली होती आणि कॉटरी चालू होती. मी बटण दाबलं.

"काय बोंबलतंय ते?" मोठ्या सरांनी विचारलं.

"काही नाही सर," मी म्हटलं, "बाई नखरेल आहे. झोपवलं तरी गप्प बसत नाही."

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, काय मस्त बोलले मी.

दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. आता कॉटरी बंद होती. मी तरीही बटण दाबलं. नाडी एकशे अठरा झाली होती. डोळ्यांवर टेप असतो, त्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळत होतं. मी गॉजने टिपलं. भूल दिलेल्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं तर त्याचा काय अर्थ असू शकतो, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहून मार्कही घेतले होते.

असं चार-पाच वेळा बटण दाबून झाल्यावर मी गॅसच्या बाटलीकडे पाहिलं.

झोपवून ठेवणारं औषध ज्या बाटलीतून येतं, तिची काच कोरडी होती. सकाळी ती भरायचं काम माझं. मी भरली नव्हती.

अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं त्या बाईला झोप नव्हती. होतं ते फक्त स्नायू ढिले करणारं औषध. त्यात बोट हलत नाही, पापणी हलत नाही, श्वाससुद्धा मशीन घेतं. आणि पोटात चार भोकं पाडून काम चालू होतं.

मी बाटली भरली. आकडा उतरला. डॉ. सोनकुसरे परत आले तेव्हा सेहेचाळीस होता. कागदावर मी सगळीकडे पन्नासच्या आसपास लिहिलं. माझं अक्षर छान आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर कौसल्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"तूच होती ना वं पोरी? माहे डोये तूच पुसले."

मी दुसऱ्या हाताने सलाइनची नळी तपासल्यासारखं केलं.

"मले सर्व ऐकू येत होतं. बोट हलवाले गेली तं हलेच नाई. ओरडाले गेली तं तोंडच नाई. तू म्हणली, बाई नखरेल हाये. मंग सर्वे हासले."

पलंगाशी त्यांचे यजमान मनोहरराव उभे होते. सून श्वेता डबा उघडत होती. दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी हसले. आमच्या धंद्यातलं एक हसू असतं, अडाणी लोकांसाठी राखून ठेवलेलं.

"काका, भुलीचा अंमल असतो हा. दोन दिवस असे भास होतात. घरी गेल्या की उतरेल."

"मी म्हणलंच होतं मामंजी तुमाले," श्वेता म्हणाली. "रात्रीपासून एकच लावून धरलं यायनं."

कौसल्याबाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं.

"दवाखान्याले मी काई म्हणत नाई," त्या हळूच म्हणाल्या. "कोनाचं नाव घेत नाई. फक्त ह्यायले सांग, का ही खोटं बोलून नाई राहिली. एकदा सांग. मंग मी गप्प बसतो."

मी मनगट सोडवून घेतलं. "आराम करा मावशी."

मला तेव्हा त्यांची कीव आली नव्हती, राग आला होता. सही करताना अंगठा लावते आणि ऐकायचं मात्र सगळं शब्दन् शब्द ऐकते!

असा माझा स्वभाव आहे. वाचताना मला शिव्या द्यायच्या तर आत्ताच देऊन घ्या. पुढे वेळ मिळणार नाही.

आता १६ मे.

यादीत एकच ऑपरेशन होतं. हर्निया. पेशंट मनोहरराव.

सरकारी योजनेचं कार्ड त्यांना आमच्याकडेच चालत होतं, म्हणून ते आले होते. एरवी हर्नियाला पाठीत सुई देऊन फक्त कमरेखाली बधिर करतात. यांच्या पाठीचं जुनं ऑपरेशन झालेलं, मणक्यात स्क्रू. म्हणून पूर्ण भूल.

थिएटरबाहेर ट्रॉलीवर ते पडले होते. जयवंताबाई, आमच्या थिएटरच्या जुन्या मावशी, ट्रॉलीशी उभ्या होत्या. काकांनी मला लगेच ओळखलं.

"कौसल्या गेली, बाई."

"कधी?"

"नऊ एप्रिलले. झोपतच नव्हती. डोया लागला का आंग हलत नाई म्हणे, मंग दचकून उठे. पुढं पुढं आडवीच होईना. वसरीत बसून राहे. एक दिवस बसल्या जागीच..."



मग म्हणाले, "तुमी तिथं होत्या. खरं सांगजा. तिले खरंच ऐकू येत होतं का? मरेपर्यंत ती एकच बोलली. मी मानलं नाई. सुनेनं मानलं नाई. गावात लोकं म्हणत, बुढीचं डोकं फिरलं. मले आता अन्न गोड लागत नाई, बाई. तसं झालं असन अन मीच तिचं मानलं नसन तं?"

एक शब्द लागत होता. 'हो.'

"नाही काका," मी म्हटलं. "भासच होते ते."

आणि तेवढ्यात...

आत अलार्म वाजला.

जयवंताबाईंनी दाराकडे पाहिलं. "काहून वाजून राहिलं वं? आत तं कोनीच नाई."

मी आत गेले. मशीन चालू होतं, वायर नुसतीच लोंबत होती. पट्टी जोडलेली नसली की स्क्रीनवर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा असतात.

रेघा नव्हत्या.

अठ्ठ्याहत्तर होता.

मी मशीन बंद केलं. पुन्हा चालू केलं. रेघा आल्या. लूज कनेक्शन, दुसरं काय! मी मशीनला वरून एक थापट मारली.

पण त्या दिवशी मी कपाटातून नवी पट्टी काढली. का काढली, ते विचारू नका. डॉ. सोनकुसरेंसमोर पाकीट फोडलं, तर ते म्हणाले, "क्या बात है! आज सूरज किधर से निकला?"

रिकामं पाकीट जयवंताबाईंनी माझ्या हातून घेऊन कचऱ्यात टाकलं. गॅसची बाटली मी तीनदा बघितली. काठोकाठ.

काकांच्या कपाळावर पट्टी लागली. सत्त्याण्णव. इंजेक्शन गेलं. ऐंशी... साठ... चव्वेचाळीस. नळी टाकली, मशीन श्वास द्यायला लागलं. सगळं पुस्तकातल्यासारखं.

मोठ्या सरांनी चीर दिली. पंधरा मिनिटं काम बरं चाललं.

एक चाळीस.

सेहेचाळीसवरून आकडा एकदम...

अठ्ठ्याहत्तर.

अलार्म.

दुसरं थिएटर रिकामं होतं, म्हणून डॉ. सोनकुसरे आज इथेच होते. शिवाय गेल्या महिन्यात ते कुठल्यातरी कॉन्फरन्सला जाऊन आले होते. पेशंट ऑपरेशनमध्ये जागा राहिला तर काय होतं, यावर तिथे कोणी भाषण दिलं होतं. तेव्हापासून त्यांना आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. बारा वर्षं ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याच्या आता पाया पडायचे.

"पेशंट लाइट आहे, वर येतोय. गॅस वाढव."

मी वाढवला.

अठ्ठ्याहत्तर.

त्यांनी दुधासारख्या पांढऱ्या औषधाची सिरिंज अर्धी ढकलली. असं औषध गेल्यावर आकडा अर्ध्या मिनिटात धाडकन पडतो.

अठ्ठ्याहत्तर.

मी बाजूच्या पट्ट्या बघितल्या. सिग्नल पूर्ण. कपाळाचे स्नायू अजिबात हलत नव्हते. कॉटरी बंद होती, सर हर्नियावर बसवायची जाळी शिवत होते. आकडा चुकायला एकही कारण नव्हतं.

आणि तरी तो चुकीचा होता. मला कळलं होतं.

जिवंत मेंदूचा आकडा एका जागी उभा राहत नाही. पन्नासचा एकावन्न होतो, एकोणपन्नास होतो, पुन्हा पन्नास होतो. एवढं औषध गेल्यावर तर तो जागचा हलतोच. हा हलत नव्हता. सत्त्याहत्तर नाही. एकोणऐंशी नाही. तीन मिनिटं झाली, चार झाली.

अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.

मी काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. टेपचे कोपरे कोरडे ठणठणीत. बोटाने चाचपले. कोरडेच. तरी सवयीने हातातला गॉज टेकवला आणि उचलला...

गॉज ओला होता.

ओला आणि कोमट.

मी तो टाकून दिला.

"प्रेशर?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी." मग, "सत्तर. सर, प्रेशर सत्तर आहे. नाडी छप्पन."

आता हे नीट ऐका. आकडा म्हणत होता, माणूस जागा आहे, आणखी औषध द्या. शरीर म्हणत होतं, औषध जास्त झालंय, मी मरतोय. दोन्हींपैकी एकच खरं. आणि डॉ. सोनकुसरेंनी आकड्याचं ऐकायचं ठरवलं होतं. त्यांच्या हातात दुसरी भरलेली सिरिंज होती.

"सर, नका देऊ."

"आकडा दिसत नाही का तुला? प्रेशर इंजेक्शनने उचलता येतं. हा जागा राहिला तर जन्मभर बोंबलत फिरेल."

अलार्म किंचाळत होता. मी हात लांब केला आणि बटण दाबलं.

आवाज थांबला.

आणि मीही थांबले...

कसं सांगू? माझं बोट बटणावर होतं. ते काढायला गेले. निघालं नाही. मान वळवायला गेले. वळली नाही. पापणी मिटेना. घशाशी आलेला शब्द घशातच राहिला.

ऐकू मात्र सगळं येत होतं. एसीची घरघर. श्वासाच्या मशीनचा फुसफुस आवाज. सरांच्या हातातली कात्री.

"दीप्ती, सलाइन फास्ट कर." डॉक्टरांचा आवाज.

"दीप्ती! सुनाई नहीं देता क्या?"

येत होतं. सगळं ऐकू येत होतं. मी आतल्या आत ओरडत होते आणि बाहेर कोणाला काही दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तेही पुसता येईना. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. हे किती वेळ चाललं, सांगता येत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, दोन-तीन सेकंद तू बावळटासारखी उभी होतीस.

मग माझ्या उजव्या मनगटावरून... कोणीतरी घट्ट धरलेला हात काढून घेतला.

मी सुटले.

प्रेशर बासष्ट होतं. डॉक्टरांनी सिरिंज सलाइनच्या नळीला जोडली होती.

"सर, तो आकडा यांचा नाही!"

सगळे थांबले. मोठे सरसुद्धा मान वर करून बघायला लागले.

"मग कोणाचा आहे?" डॉ. सोनकुसरेंनी विचारलं.

तोंडाशी आलं होतं. मार्च महिना. कोरडी बाटली. अकरा मिनिटं. दोन वाक्यांचं काम होतं.

आणि मी काय म्हटलं माहीत आहे?

"पट्टी जुनी आहे सर. सहाव्यांदा वापरलेली."

"माझ्यासमोर फोडली ना तू?"

"पाकीट नवीन होतं. आत जुनी घालून ठेवली होती."

एवढं झालं तरी माझी खोटं बोलायची खोड जाईना. बघा, कसली बाई तुम्हाला गोष्ट सांगते आहे.

पण खोटं लागू पडलं. डॉक्टरांनी मला आईवरून शिवी दिली, काकांच्या कपाळावरची पट्टी ओरबाडून फेकली, गॅस बंद केला, प्रेशरचं इंजेक्शन दिलं. चौसष्ट. सत्तर. ब्याऐंशी. शंभर. काका वाचले.

जयवंताबाई कोपऱ्यातून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. ते पाकीट सीलबंद होतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

फेकलेली पट्टी ट्रेमध्ये पडली होती. कोणाच्याही कपाळावर नव्हती. स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तर होता. ऑपरेशन संपेपर्यंत त्या आकड्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. शेवटी मी मशीन बंद केलं आणि वायर भिंतीतून उपटून काढली.

साडेतीन वाजता काका पूर्ण शुद्धीवर आले. बाहेरच्या खोलीत, पलंगावर. जयवंताबाई त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं काका. काही त्रास?"

"मले तं काईच नाई समजलं, बाई. डोये मिटले अन उघडले. बस."

मग ते रडायला लागले. म्हातारा माणूस, टाके ताणतील म्हणून पोट धरून रडत होता.

"म्हंजे भुलीत काईच ऐकू येत नाई," ते म्हणाले. "आता सवताच पाह्यलं ना मी. ती उगाचच बोलत होती. मले वाटे, बिचारीनं ते सर्व सोसलं अन मी तिले खोटी ठरवलं. छातीवर धोंडा होता, बाई. आज उतरला. आता सांगतो सर्व्यायले, का तिचं डोकंच फिरलं होतं, दुसरं काई नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो ना, बाई?"

मी खरं सांगितलं असतं तर त्या माणसाची आत्ताच मिळालेली शांती मी काढून घेतली असती. असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काकांची शांती नव्हती. नोकरी होती.

"हो काका," मी म्हटलं. "डोकंच फिरलं होतं."

थिएटरचं दार बंद होतं. आतले दिवे बंद होते. आणि आतून...

अलार्म.

काकांनी दाराकडे मान वळवली. जयवंताबाईंच्या हातातला कापूस खाली पडला.

"वायर तं तूच काढली ना वं?" त्या कुजबुजल्या.

मी दार ढकललं. अंधारात फक्त स्क्रीन उजळली होती. वायर जमिनीवर वेटोळं करून पडली होती. मशीनला बॅटरी असते, ते चालू राहू शकतं. पण बटण मी बंद केलं होतं. माझ्या हाताने.

आता अठ्ठ्याहत्तर नव्हता.

अठ्ठ्याण्णव होता.

म्हणजे गुंगी नाही. भूल नाही. टक्क जागी. मी आत्ता जे बोलले, ते शब्दन् शब्द ऐकणारी.

मी बटणाकडे हात नेला नाही. पहिल्यांदाच. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बॅटरी संपेपर्यंत ते वाजत राहिलं, आणि संपल्यावरही तो आकडा काळ्या स्क्रीनवर जरा वेळ दिसत होता.

कंपनीचा इंजिनिअर येऊन मशीन तपासून गेला. काही दोष नाही, म्हणाला. वर मला अलार्म कसा बंद करायचा ते शिकवून गेला. मूर्ख.

त्यानंतर मी तीन दवाखाने बदलले. प्रत्येक ठिकाणी मशीन वेगळं, कंपनी वेगळी. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मी मशीन चालू करते. वायर रिकामी असते. रेघा यायला हव्यात. आणि येतात. पण त्याच्या आधी, एक क्षण...

अठ्ठ्याण्णव.

दर वेळी. बाकी कोणाला दिसत नाही. मी विचारलेलंही नाही.

तुम्ही आता खाली 'कडक स्टोरी ताई' लिहाल, एक हृदय टाकाल आणि पुढच्या पोस्टकडे जाल. जा. मी तरी काय वेगळं केलं? चार माणसांसमोर सांगायचं होतं ते मी इथे, ओळखपाळख नसलेल्या हजारो लोकांना सांगितलं. दवाखान्याचं नाव लपवून, गावाचं नाव लपवून. याला कबुली म्हणत नाहीत, हे मला कळतं.

मनोहरराव दर वर्षी दिवाळीनंतर माझ्या घरी नव्या तांदळाची पिशवी पाठवतात. माझ्यामुळे त्यांचा जीव वाचला, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आहे. यंदाची पिशवी परवा आली. आत वहीच्या कागदावर चिठ्ठी होती: 'बाई, तुमी सांगितलं म्हणून मनाले शांती हाये. सुनेलेबी सांगून देल्लं. एकदा गावाले या.' खाली फोन नंबर.

नंबर मी मोबाइलमध्ये टाकून ठेवला आहे. 'कौसल्याबाई' या नावाने.

अजून लावलेला नाही.